आमगाव तीन खर्रे

आमच्या समोरच्या झनककाकांना किलोमीटर मान्य नव्हता. त्यांचं माप खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, गालात धरायचा, आणि तो सरेपर्यंत जेवढी वाट सरेल तेवढं अंतर. बाजार दीड खर्रा. आमगाव तीन. आणि शेत? "तोंडात टाकाच्या आधीच येते जी!"

मी हिशोबी माणूस. स्कूटरच्या काट्यावर मोजून सांगितलं, "काका, आमगाव अकरा किलोमीटर आहे."

"तुमचा काटा चिखलात फसते का? मंग त्याले काय समजते!"

खोटं नव्हतं. पावसाळ्यात त्या रस्त्यावर रोवणी केली असती तर धान आलं असतं. काकांची एकुलती एक लेक रेखा आमगावात दिलेली. बंडीनं माहेरी यायची, बैल थकायचे, म्हणून चार-पाच दिवस राहायचीच. काकू गेल्यापासून त्या घरात तेवढेच दिवस भाजीला फोडणी पडायची. एरवी काका भात, मीठ आणि मिरची.

मग पक्की सडक मंजूर झाली आणि काका पेटलेच. गिट्टीचा पहिला ट्रक आला तेव्हा उलटा सदरा घालून धावले. रोलरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ड्रायव्हर छत्तीसगडचा, म्हणून काकांनी हिंदी काढली, "भाऊ, जरा दबाके चलाव! मेरी पोरगी इसी सडकसे आयेगी!"

गरम डांबरात चप्पल चिकटली. ती तिथेच सोडून एका पायावर उड्या मारत आले.

"चप्पल गेली तं जाऊ दे, सडक तं आली!"

ती चप्पल अजून माझ्या फाटकासमोर सडकेत आहे.

सडक खुली झाली त्या दिवशी काका माझ्या स्कूटरवर मागे बसले. पन्नी काढली, घोटत राहिले. वर पाहतात तो आमगावचं रेल्वेफाटक.

"थांबवा जी! खर्रा तोंडात टाकलाच नाही आन आमगाव आलं? हे दुसरंच गाव असन!"

पाटी वाचून खात्री पटेना. रेखा दारात दिसली तेव्हा पटली. परत येऊन गावभर ओरडत सुटले, "आमगाव शून्य खर्रे! आता पोरगी केव्हाही येते!"

रेखा येऊ लागलीही. जावई मोटारसायकलवर सकाळी आणतो, दुपारी चारला परत नेतो. हिशोबानं पाहिलं तर भेटी वाढल्या. मुक्काम संपले.

गेल्या रविवारी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. जावयानं गाडीला चावी लावली. "निघतो मामाजी."

"कायले घाई करून राह्यले? सडक काय पळून जाते? खर्रा घोटून देतो, घेऊन जा."

काका घोटायला बसले. डाव्या तळव्यावर पन्नी, उजव्याचा रगडा. रेखानं बापाकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि आत गेली.

"झाला का जी?" जावयानं विचारलं.

"होऊन राह्यला."

पन्नीतल्या सुपारीचं केव्हाच पीठ झालं होतं. मला स्पष्ट दिसत होतं. आतून लसणाच्या फोडणीचा वास आला. जावयानं चावी काढून खिशात टाकली.

काकांनी पन्नी उजेडात धरली, नीट निरखली आणि पुन्हा तळव्यावर घेतली.

"थांबा जवाईबापू. अजून कच्चा हाये."