गॅमा किरनांचं मतदान

भंडारदऱ्याच्या वरल्या अंगाला आमचं गाव. आमच्या मुक्ताबाईची स्नेहल पुन्याला तारे शिकती. तिच्या संस्थेला आमच्या टेकाडावर यंत्र बसवायचं हुतं. गावानं जागा दिली तर यंत्र हितं, न्हाईतर परराज्यात, आन् पोरीचं काम बंद.

ग्रामसभेत तिनं नीट समजावलं. एखादा थोरला तारा मरताना त्यातून झोत सुटतो. सुरुवातीलाच लई जहाल उजेड येतो, गॅमा किरनांचा, डोळ्याला न दिसनारा. तो नेमका कुठं तयार हुतो, त्याचाच वाद हाय.

"धरणाचं दार उघडलं की फेस कुठं होतो? दाराशीच, पाण्यावर पाणी आदळून? का लांब खाली, खडकावर आपटून? तसंच हे. ताऱ्याजवळ, झोतातल्या झोतात, का लांब, भोवतालच्या वायूवर आदळून?"

ग्रामसेवक सुहासरावांनी चष्मा पुसला. "म्हणजे उत्पत्तीचे ठिकाण अनिश्चित. अशा परिस्थितीत परवानगी देणे नियमात बसत नाही."

"साहेब, ते शोधायलाच यंत्र पाहिजे."

"आधी ठिकाण, मग यंत्र."

सरपंच पुंजाराम म्हनले, "पोरीची अडवनूक नको. उजेड जवळ का लांब, हात वर करून ठरवू. रस्ता कुठून न्यायचा तेबी आसंच ठरलं हुतं."

तो रस्ता सरपंचाच्या गोठ्यापाशी संपतो.

सरपंच 'जवळ' म्हनले, म्हनून त्यांच्या इरोधातली बनुबाईची पार्टी 'लांब' झाली. बनुबाई उठून म्हनल्या, "गावात सगळं यांच्याच जवळ तयार हुतंय. एक उजेड तरी लांब हू द्या."

मतदान दुसऱ्या दिवसावर गेलं. सकाळपतूर दोन्हीकडचे फ्लेक्स लागले. तारा बारीक, चेहरे मोठे. सख्ख्या भावांचं बोलनं बंद झालं. शेवटी 'लांब' निवडून आलं. गुलाल उधळला. सुहासरावांनी ठराव वाचला, "सदर उजेड लांबच तयार होत असल्याचे सर्वानुमते मंजूर."

स्नेहलचा चेहरा खुलला. "मग आता यंत्राला परवानगी?"

"कशासाठी? ठिकाण निश्चित झाले. शोधायचे काय उरले?"

यंत्र परराज्यात गेलं. एसटीची वाट बघताना पोरीनं मला इचारलं, "मामा, तुम्ही हात कशाला वर केला?"

"लांबला."

"का?"

"शेजारी गोरक्ष बसला हुता, माझं त्याचं बांधावरून वाकडं. त्यानं खाली ठेवला."

मी तमाखू मळत बसलो.

हसा, हसा. पन वाचता वाचता तुमीबी जवळ का लांब ते मनात ठरवून टाकलंच की. तुमच्याकडं तरी कुठं यंत्र हुतं?