दोन मिलिमीटरचा फरारी

माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. चष्मा तेवढा सुटतो, पण तो नाकाचा दोष आहे. मेलेल्या प्राण्यांचे नमुने जपणाऱ्या संस्थेच्या भांडारात बसून मी काचेच्या बाटल्या देतो-घेतो, हे माझं वरवरचं काम. खरा मी गुप्तहेर आहे, आणि ही गोष्ट इतकी गुप्त आहे की आमच्या हिलाही ती अजून पटलेली नाही.

त्या दुपारी कोळीताईंच्या खोलीतून किंकाळी आली. वर्षावनातल्या कोळ्यांवर संशोधन करतात म्हणून त्यांना हे नाव. सात वर्षं खपून त्यांनी एक नवी जात शोधली होती. तिचा एकुलता एक नर स्पिरिटच्या नळीत ठेवलेला. पाच वाजेपर्यंत त्याचं चित्र गेलं नाही तर शोधपत्रिका वर्णन छापणार नव्हती. आणि नळीत नर दिसत नव्हता.

“कुणी कशालाही हात लावू नका!” मी दारातूनच गरजलो आणि पहिला हात मीच घातला. नळीतली चिठ्ठी काढून पुरावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत जप्त केली. “पेन्सिलनं लिहिलंय! म्हणजे गुन्हेगाराला नंतर खोडायचं होतं.”

“स्पिरिटमध्ये शाई टिकत नाही हो. आमच्याकडे सगळेच पेन्सिलनं लिहितात.”

“म्हणजे सगळेच सामील! बरं, फरारीची उंची?”

“दोन मिलिमीटर.”

“पळून गेला असेल.”

“तीन वर्षांपूर्वी मेलाय तो!”

“सोंग घेतलं असेल. पट्टीचे गुन्हेगार घेतात.”

ताईंनी डोकं धरलं. “तो सापडला तिथे आता रस्ता झालाय. दुसरा कुठून आणू मी?” त्यांचा आवाज फुटला आणि मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की माझी बुद्धी दुप्पट वेगानं धावते, दिशा मिळेल ती.

माझी बुद्धी शेजारच्या खोलीत शिरली, तिच्यामागून मी. तिथे फुलपाखरूवाले सर चिमटा हातात घेऊन बसलेले. रंगेहाथ! मी त्यांचे खिसे उलटे करायला लावले, मिशा विंचरायला लावल्या. मिशांतून बिस्किटाचा चुरा निघाला, तो जप्त केला. चिमटा चष्म्याचा स्क्रू बसवण्यासाठी होता असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि दुर्दैवानं ते खरं होतं.

परत येतो तो ताईंच्या आई डबा घेऊन आलेल्या. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाई. लेकीनं रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यापुढे हात केला.

“ती चिठ्ठी बघू.”

“पुरावा आहे तो.”

“द्या म्हणते ना!”

दिली. काही आवाजांपुढे कायदाही खाली बसतो.

“बारीक मणी हरवला की मी आधी कापड उलटं करते. ओल्याला चिकटून बसतो मेला.” त्यांनी पिशवीतली चिठ्ठी उलटी केली. मागे एक पिवळसर ठिपका होता, आठही पायांनिशी.

“म्हणजे आरोपी सबंध वेळ माझ्याच कोठडीत होता,” मी म्हणालो. कुणी अभिनंदन केलं नाही.

ताईंनी तो स्पिरिटच्या बशीत सोडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाय शाबूत, सगळं शाबूत. पाच वाजायला तास उरला होता.

“सरक,” आई म्हणाल्या, “बघू तरी, कुणापायी पोरीनं सात वर्षं गरम घास खाल्ला नाही.” त्या वाकल्या आणि वाकूनच राहिल्या. “अगं, डोळे आहेत याला!”

“आठ.”

“पायाला केवढे नाजूक केस! असा टाका मला जन्मात जमला नाही.”

“आई, चित्र काढायचंय मला.”

“तू सात वर्षं बघितलंस. मला दोन मिनिटं बघू दे.”

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं, पेन्सिल कानावर खोचली आणि आईला बसायला स्टूल ओढून दिलं.