कळ शून्यावर

सभागृहात कीबोर्ड वाजवायचा तर तो ध्वनियंत्रणेला जोडावा लागतो, हे व्यवस्थापनाला तत्त्वतः मान्य होतं. नियम सातनुसार वायर कुणालाही लावता येई. मिक्सरवरची कळ शून्यावरून वर सरकवायला मात्र आवाजाचं प्रमाणपत्र लागे.

बारा वर्षं ती गायकांच्या मागे बसून कीबोर्डवर साथ करत आली होती. आज सात मिनिटं तिची एकटीची, रचनाही तिचीच. शिवाय "ते टिंगटिंग काय ऐकायचं!" म्हणत एकदाही न फिरकलेले बाबा आज पहिल्या रांगेत बसले होते.

"काका, वायर लागली ना? मग आवाज सोडा की!"

"प्रमाणपत्र आणा ताई, लगेच सोडतो," साउंडवाले काका म्हणाले.

प्रमाणपत्रवाले साहेब शेजारच्याच खोलीत होते. माणूस सज्जन. म्हणाले, "आत्ता देतो. आधी आवाज ऐकवा."

"अहो, पण कळ वर केल्याशिवाय ऐकू कसा येईल?"

"अगदी बरोबर. आणि प्रमाणपत्राशिवाय कळ वर कशी होईल?" साहेबांनाही तिच्याइतकंच वाईट वाटलं. मागे एकदा स्पीकरने कानठळ्या बसवल्या, तेव्हापासूनची ही खबरदारी. "त्यानंतर कीबोर्डच्या आवाजाची एकही तक्रार नाही," ते अभिमानाने म्हणाले.

इतक्यात पडदा उघडला आणि ती धावत मंचावर जाऊन बसली. कीबोर्डला स्वतःचा स्पीकर नव्हता. तिने पट्ट्या दाबल्या. नुसती टकटक झाली. थांबावं तर बाबा उठून जातील, या धास्तीने ती वाजवतच राहिली.

पहिलं मिनिट लोक एकमेकांची तोंडं बघत होते. मग कुणीतरी डोळे मिटून मान डोलावली. आता आपल्यालाच काही कळत नाही, असं चारचौघांत कोण दाखवणार? पाचव्या मिनिटाला सगळं सभागृह डोलत होतं. शेवटी टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. कार्यक्रमातला तेवढाच आवाज नीट पोहोचला.

बाबा आत आले ते डोळे पुसतच.

"चुकलो गं पोरी. काय वाजवलंस!"

हेच ऐकायला तिने बारा वर्षं काढली होती. ती रडकुंडीला आली.

"कुठला भाग आवडला, बाबा?"

"कुठला म्हणजे? सगळाच!"

बाहेर साहेब अभिप्रायाची वही चाळत होते. आवाजाच्या रकान्यात पानोपानी 'उत्कृष्ट' होतं. "काका, कळ आहे तिथेच राहू द्या," त्यांनी आदेश दिला, "लोकांना हेच आवडतंय."

वही अजून तिथेच आहे. तुमची सही चौथ्या पानावर आहे.