साहेबांचं कपाळ

मुख्याध्यापक मुतवल्ली चित्रकलेच्या वर्गात वर्षातून एकदाच येत, आणि तेही तिथल्या खुर्च्या परीक्षेसाठी उचलून न्यायला. त्यामुळे रविवारी, शाळेच्या आठवड्याच्या पहिल्याच सकाळी, ते एका हातात चहाचा ग्लास आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा अब्ला इन्शिराहनी आधी खुर्च्यांकडे पाहिलं.

"खुर्च्या नकोत," मुतवल्ली म्हणाले. "गुरुवारी साहेब येतायत."

कफ्र जुम्मेझच्या मुलींच्या माध्यमिक शाळेत चित्रकला हा विषय होता, म्हणजे वेळापत्रकात होता. त्याचे गुण एकूण गुणांत धरत नसत, आणि जे एकूण गुणांत नाही ते मुतवल्लींच्या हिशेबी जगातच नव्हतं. या न्यायाने कालव्यावरचे बगळे, आकाश आणि त्यांची स्वतःची बायको यांनाही त्यांच्या जगात फारशी जागा नव्हती. अब्ला इन्शिराह मात्र हट्टाने शिकवत राहिल्या. मुली शाळेतल्या प्रत्येक बाईला अब्ला म्हणत, पण नुसतं 'अब्ला' म्हटलं की ते यांनाच, असं ठरून गेलं होतं. वर्गाच्या भिंतींवर मुलींनी काढलेले हात टांगले होते. कुणाच्या आईचे पीठ मळणारे, कुणाच्या आजीचे भेंडी निवडणारे, कुणाच्या बापाचे नुसतेच गुडघ्यावर पडलेले. ती चित्रं पाहायला आजवर कुणी आलं नव्हतं.

या वर्गावर गणिताच्या सरांचा, उस्ताज रिफअतचा, डोळा होता. खोली कालव्याच्या बाजूला, वारा छान येई, आणि संध्याकाळच्या शिकवणीला एवढी हवेशीर जागा गावात दुसरी नव्हती.

"रिफअतना मी खोली देणारच होतो," मुतवल्ली म्हणाले. "पण तुम्हाला एक संधी देतो. शिक्षण खात्याचे नवे संचालक, नझीह शलबी. फाटकापाशी त्यांचं भलंमोठं चित्र पाहिजे. छापील फलक बाकीच्या शाळा लावतील. आपल्याकडे मुलींच्या हातचं! आवडलं तर वर्ग तुमचा. नाही आवडलं तर गुरुवारी दुपारी किल्ली रिफअतकडे."

"चार दिवसांत? आणि माणूस कसा दिसतो ते तरी…"

"हा बघा ना!" त्यांनी पंज्याएवढ्या फोटोचं कात्रण टेबलावर आपटलं आणि बोट दाखवायला वाकले. त्यांच्याबरोबर चहाचा ग्लासही वाकला. ग्लासाच्या बुडाला लोंबणारा थेंब सुटला, नझीह साहेबांच्या कपाळाच्या मधोमध पडला, जरासा डाव्या भुवईकडे ओघळला आणि कागदात मुरला. दोघांपैकी कुणीच ते पाहिलं नाही, कारण दोघंही एकमेकांकडे रागाने पाहत होते.

एवढं मोठं चित्र एका हाताने होणारं नव्हतं. अब्लांनी कात्रणावर पेन्सिलीने चौकोन आखले, पुठ्ठ्याचेही तेवढेच, पण मोठे, चौकोन कापले आणि एकेका मुलीला साहेबांचा एकेक तुकडा वाटून दिला. प्रत्येकीने आपल्या वाट्याचा तुकडा मोठा करून काढायचा, मग सगळे जोडायचे. लगेच तक्रारी सुरू झाल्या.

"अब्ला, माझ्या चौकोनात नुसता गालच आहे हो!"

"मग गाल काढ."

"सगळा गाल? दुसरं काहीच नाही?"

"अगं, माझ्याकडे अर्धी नाकपुडी आलीय, मी बोलले का काही?"

कपाळ शाहिन्दाच्या वाट्याला आलं. ही दुसऱ्या वर्षातली मुलगी, हात चांगला आणि जीभ त्याहून चांगली. तिने कात्रण डोळ्यांजवळ नेलं.

"अब्ला, कपाळावर डाग आहे. जबीबा आहे यांना."

अब्लांनी पाहिलं. नमाजात कपाळ टेकून टेकून लोकांना जो घट्टा पडतो, मनुकेसारखा, तसाच तपकिरी डाग होता, अगदी जागच्या जागी.

"अब्ला, काढू का? नंतर कुणी रागावलं तर?"

"आपला नियम काय आहे? दिसतं ते काढायचं. माहीत असतं ते नाही."

शाहिन्दाने दिसलं ते काढलं, भुवईकडे वळलेल्या शेपटीसकट. मनुका मोठी होत होत उसळीच्या ताटलीएवढी झाली.

सोमवारी तुकडे जमिनीवर जोडले. दोन डोळे दोन मैत्रिणींनी काढले होते आणि त्यांचं आदल्या दिवशी भांडण झालं होतं, त्यामुळे ते एकमेकांकडे पाहत नव्हते. पण माणूस ओळखू येत होता. मुतवल्ली खुर्चीवर चढले आणि वरून बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"सुब्हानल्लाह! हे… एवढं मोठं?"

"फोटोत आहे ते चित्रात आहे," अब्ला म्हणाल्या.

"माझ्या नजरेतून सुटलं कसं! आणि मी त्यांच्यासमोर ढोलकी वाजवणार होतो!" मुतवल्ली खुर्चीवरून उतरले ते धावतच कचेरीकडे गेले.

त्या दिवसापासून शाळेचं रूप पालटलं. मुलींचं स्वागतगीत रद्द झालं. रव्याच्या गोड बसबूसाची परात रद्द झाली.

"बसबूसात काय वाईट आहे?" रिफअतनी कळवळून विचारलं. त्यांचा जीव परातीत होता.

"वाईट काही नाही. पण गोडघाशे दिसतो आपण. खजूर ठेवा. आणि खातानासुद्धा जरा खिन्न चेहऱ्याने खा."

मग त्यांची नजर चित्रकलेच्या वर्गाकडे वळली. तिथे कपाटावर प्लास्टरचा एक रोमन तरुण होता, छातीपर्यंतचा आणि उघडा. मुली त्याच्यावरून सावल्या काढायला शिकत.

"असल्या माणसाला हे नागडं मुंडकं दाखवू? बुधवारपर्यंत खोली रिकामी पाहिजे. तिथे नमाजाची खोली होईल. साहेब आले की थेट तिथेच न्यायचं."

अब्ला कपाटाच्या आडव्या उभ्या राहिल्या. "पण चित्र तर आम्हीच काढलं! तुम्ही शब्द दिला होता!"

"चित्र काढलंत म्हणून तर कळलं की तुमचा वर्ग चालणार नाही," मुतवल्ली म्हणाले, आणि यात हसण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मंगळवारी ते शाळेत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर लालभडक चट्टा होता. टाचा घासायच्या दगडाने तो घासला होता आणि वर लसूण चोळला होता. रंग जमला नव्हता, वास मात्र व्हरांड्याच्या टोकापर्यंत जमला होता. सगळे समजले. बुधवारी रिफअतांच्या कपाळावर चट्टा उगवला. मग अरबीच्या उस्ताजांच्या, मग भूगोलाच्या. ज्या माणसांनी आयुष्यात एक काम मन लावून केलं नव्हतं त्यांनी आपलं कपाळ मात्र मन लावून सोललं. फाटकावरचा म्हातारा अम्म बयूमी जन्मभर पहाटेची नमाज चुकला नव्हता, आणि त्याच्या कपाळावर सुरकुत्यांपलीकडे काही नव्हतं. त्याने सकाळी एकेकाला आत जाताना पाहिलं आणि 'या सातिर, देवा वाचव' म्हणून तोंड फिरवलं.

बुधवारी दुपारी अब्ला भिंतीवरून हातांची चित्रं उतरवत होत्या. मुली ती सुतळीने बांधत होत्या. रोमन तरुणाला अम्म बयूमीची जुनी पायघोळ गल्लाबिया घातली होती, आणि तरीही तो कुणाला दिसू नये म्हणून कोपऱ्यात तोंड करून उभा केला होता. शाहिन्दाने फळ्यावरचं कात्रण काढलं, ते हातातून निसटलं आणि उलटं पडलं.

"अब्ला," ती म्हणाली, "या टाइलला पण जबीबा आहे."

कात्रणाच्या मागे न्हाणीघराच्या टाइलांची जाहिरात होती, आणि पांढऱ्याशुभ्र टाइलच्या मधोमध तपकिरी डाग होता, शेपटीसकट. अब्लांनी कात्रण उजेडात धरलं, मग नाकाला लावलं. त्यात पुदिना होता. या शाळेत चहात पुदिना एकच माणूस घालत असे.

त्या कचेरीत शिरल्या तेव्हा मुतवल्ली आरशासमोर कपाळावर वहीने वारा घालत होते.

"तो घट्टा नाही. चहा आहे."

"कुणाचा चहा?"

"तुमचा. रविवारचा. हे बघा, मागून पण आलाय."

मुतवल्लींनी कात्रण उलटंपालटं केलं. त्यांचा रंग गेला, चट्ट्याचा तेवढा राहिला.

"एक चौकोन बदलायचा आहे," अब्ला म्हणाल्या. "तासाभराचं काम. शाहिन्दा थांबलीय. मग गाणं ठेवा, बसबूसा ठेवा, माझा वर्ग राहू द्या."

"आणि हे कोण बदलणार?" त्यांनी कपाळाकडे बोट केलं. "दगडाने घासलंय मी, इन्शिराह! दगडाने! दोन रात्री पालथा झोपता येत नाही मला! आणि आता तुम्ही येऊन सांगता चहा?"

"पण साहेबांना घट्टाच नाहीये!"

"आहे! फोटोत दिसत नसेल तर उमटला नसेल. चित्राला हात लावलात तर बघा."

अब्ला परत आल्या आणि मुलींच्या देखत रडल्या. राग आला की त्यांना रडू येई, आणि त्या दिवशी फार राग आला होता.

गुरुवारी नझीह शलबी गाडीतून उतरले. गुळगुळीत दाढी, करडा सूट, आणि कपाळ असं की त्यावर माशी बसली तर घसरावी. मुतवल्लींनी ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. साहेब फाटकापाशी चित्रासमोर थांबले. वर बघितलं. मग त्यांचा हात सावकाश वर गेला आणि त्यांनी स्वतःचं कपाळ चाचपलं.

"हे काय आहे?"

मुतवल्ली पुढे धावले. "साहेब, चूक! ही चूक चित्रकलेच्या अब्लांची! मी किती सांगितलं, बदला, बदला. फोटोवर चहाचा थेंब पडला होता, साहेब, यांनी तो…"

"चहा?" साहेबांनी मान वळवली. "तुम्ही याला चहा म्हणता?"

"साहेब, पुदिना घातलेला…"

"मी वर्षानुवर्षं लोकांत वावरतो, उस्ताज. कचेरीत, बैठकांत, अगदी घरातसुद्धा. मी आतून काय आहे हे एकालाही दिसलं नाही." साहेबांचा आवाज भरून आला. "या लेकींना दिसलं. कपाळ कुणी काढलं?"

"मी," शाहिन्दा म्हणाली. "दिसलं ते काढलं."

"ऐकलंत? दिसलं तिला! आणि हिला शिकवलं कुणी?"

सगळ्यांनी अब्लांकडे पाहिलं. खरं एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि खरं सांगायची त्यांना सवयही होती. पण व्हरांड्यात सुतळीने बांधलेले हातांचे गठ्ठे पडले होते, आणि त्यांच्या शेजारी रिफअत, नमाजाची खोली आता कशाला लागतेय असं धरून, आतापासूनच किल्लीसाठी तळवा चोळत उभे होते. अब्लांनी ओठ मिटले. गप्प बसायला त्यांना एवढे कष्ट आयुष्यात कधी पडले नव्हते.

"असा वर्ग साऱ्या जिल्ह्यात नाही," साहेब म्हणाले. "चित्रकलेचा तास आठवड्यातून दोनदा करा. आणि हे चित्र माझ्या कचेरीत पाठवून द्या." मग त्यांची नजर मुतवल्लींवर पडली. ते जवळ आले, नाक मुरडून थोडे मागे सरकले. "तुमच्या कपाळाला काय झालं?"

"दार, साहेब," मुतवल्ली म्हणाले. "ठेंगणं आहे. लागलं."

"आणि तुमच्या?"

"दारच," रिफअत म्हणाले.

भूगोलाच्या उस्ताजांनीही दार सांगितलं. अरबीचे उस्ताज इतके बुटके होते की दारातून जाताना त्यांच्या डोक्यावर हातभर जागा राही. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "मी धावत होतो, साहेब."

साहेब तावातावाने सचिवाकडे वळले. "या शाळेतलं एकूण एक दार उंच करून घ्या. माणसं आहेत की उंदीर इथे!"

हुकूम पाळला गेला. शाळेच्या प्रयोगशाळेला नळ मागून दहा वर्षं झाली होती, तो काही आला नाही, पण गवंडी महिन्याच्या आत आले. त्यांनी सगळ्या चौकटी फोडल्या आणि धुळीत शाळा चालली. चित्रकलेच्या वर्गाला सगळ्यांत उंच दार मिळालं, कारण साहेबांनी तशी खास शिफारस केली होती. हात पुन्हा भिंतीवर लागले. रोमन तरुणाची गल्लाबिया काढली. रिफअत येता-जाता त्या दाराकडे मान उंच करून बघत आणि पुढे जात. मुतवल्लींच्या कपाळावर खपली धरली, ती पडली, आणि खाली बाकीच्या कपाळापेक्षा गोरी कातडी आली, त्यामुळे त्यांच्याकडे आता घट्ट्याच्या अगदी उलटं काहीतरी होतं.

पाऊण वर्षाने शाहिन्दा वर्तमानपत्राचं एक पान घेऊन वर्गात आली. नझीह शलबींना बढती मिळाली होती. फोटोत ते आपल्या कचेरीत खुर्चीवर बसले होते, मागे भिंतीवर मुलींनी काढलेलं चित्र. खुर्चीतल्या साहेबांच्याही कपाळाच्या मधोमध तपकिरी डाग होता. डाव्या भुवईकडे त्याची बारीकशी शेपटी वळली होती.

"अब्ला, पुन्हा चहा सांडला वाटतं कुणी."

अब्लांनी पान हातात घेतलं, जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. मग उलटं केलं. मागे टाइलांचीच जाहिरात होती. टाइल स्वच्छ होती.