ढोके काकांचा घरचा समुद्र

नागपुरातून कोणी मुंबईला निघालं की लोक हलवा सांगतात, साड्या सांगतात. आमचे शेजारी ढोके काका समुद्र सांगत. आदल्या दिवशी दहा लिटरचा कॅन घेऊन दारात हजर. "दूर आत जाऊन भरजो गा. काठचं पाणी गढूळ राहते." आमच्या सक्करदरा भागातले निम्मे लोक त्यामुळे मुंबईला जायची बातमी लपवून ठेवत.

काका आणि मी एकाच कचेरीत कारकून. कचेरीत साधा माणूस. घरी मात्र बैठकीत काचेची पेटी, पेटीत खारं पाणी आणि त्यात अंगठ्याएवढा एक नारिंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे. काका त्याला 'साहेब' म्हणत. कचेरीतल्या साहेबांशीही ते इतक्या अदबीनं बोलत नसत. "साहेब जेवले का?" साहेब सुकट खात. काकू म्हणत, "याचा एका घासाचा रस्सा नाई व्हायचा, अन् थाट पाहा."

त्या उन्हाळ्यात साहेबांचं पाणी सारखं गढुळायला लागलं. मुंबईच्या कुणा मासेवाल्यानं काकांना पत्रातून उपाय कळवला. पेटीखाली दुसरी टाकी ठेवा. वरचं जास्तीचं पाणी नळीनं खाली उतरेल, तिथे रेतीतून गाळलं जाईल आणि पंप ते पुन्हा वर चढवील. काकांनी हे मला कपातला चहा बशीत ओतून तीनदा समजावलं. चहा माझा होता. "समजलं का गा? घाण खाली, साहेब वर."

खालची टाकी म्हणून कपडे भिजवायचा प्लॅस्टिकचा टब आला. रेती कन्हान नदीची, सात पाण्यांनी धुतलेली. पंप मात्र कुठे मिळेना, म्हणून काकांनी घरच्या कूलरचा काढला. तोही मे महिन्यात. कूलर नुसती लू फेकू लागला. "माणसाच्या अंगावर घामोळ्या, अन् माशाले पंप," काकू ज्याला त्याला सांगत. काका मान हलवत आणि टबाशी उकिडवे बसून राहत. मलाही त्यांचा रागच आला होता.

साहेबांच्या पोटाशी ताजं पाणी जावं म्हणून काकांनी पंपाची नळी वरच्या पेटीत पार तळापर्यंत सोडली होती. वीज गेली तर पंप थांबेल आणि त्याच नळीतून पाणी उलटं खाली येईल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही.

एका दुपारी कचेरीतले पंखे थांबले, तसे काका उभेच राहिले. "नळी," एवढंच म्हणाले.

भर उन्हात आम्ही सायकली हाणल्या. खारं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आत काकू ओल्या लुगड्यानिशी टबाशी बसलेल्या. एका हातात ती नळी डोक्यावर उंच धरलेली, दुसऱ्या हातानं टबातलं पाणी लोट्यालोट्यानं वर पेटीत ओतणं चाललेलं. पेटीत चार बोटं पाणी होतं. साहेब तिरपे पोहत होते, पण पोहत होते.

"ठेव ना वं ते नळी खाली," काका म्हणाले.

"ठेवली अन् पुन्हा सुरू झालं तं? अन् नळाचं पाणी नाई टाकलं मी. तुमीच म्हणता ना, मरते म्हणून."

संध्याकाळी वीज आली. काकांनी नळीचं टोक पाण्याच्या वरच्या थरापर्यंत ओढून बांधलं आणि आम्ही ओट्यावर येऊन बसलो. मी थट्टेनं म्हटलं, "काका, आता साहेबांना निरोप द्या अन् काकूंना कूलर."

"चारूचं लगन झालं, ते रायपूरले गेली," काका म्हणाले. चारू ही त्यांची एकुलती एक मुलगी. "मंग आमच्या घरात बोलणंच सरलं गा. 'भाजी काय करू' अन् 'कडी लावली काय', बस. मंग हा आला, अन् तुही काकू माह्यासंग भांडाले लागली. आज हा मेला असता तं..." मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

आतून काकूंचा आवाज आला. "अवो, ऐकून राहिले का? तो पंप पहिले कूलरले लावा. का मलेच नेऊन बसवता त्या पेटीत?"

काका उठले नाहीत. आत काकू माशाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. 'येतात हो' असं सांगायला मी तोंड उघडलं, तसा काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब गा," ते हळूच म्हणाले. "बोलू दे तिले."