आप्पांची शीव

आमचे शेजारी आप्पा नाक्यापलीकडच्या नव्या वस्तीत जायला निघाले, की फडक्यात भाकरी बांधून घेत. वस्ती हाकेच्या अंतरावर. पण आप्पांच्या लेखी जकातनाका ही गावाची शीव आणि शिवेपलीकडे परगाव. तिकडचा कोणी बाजारात भेटला की ते अगत्यानं विचारत, "तुमच्या गावाकडं पाऊसपानी कसं हाय?" तो बिचारा परवापर्यंत आमच्याच गल्लीत राहत असे.

सातारा-सांगली रस्त्यावरचं आमचं गाव लढाई संपल्यावर भराभर पसरू लागलं. पलटणीतून परतलेल्यांच्या गाठीला पैसा होता, वाटण्यांनी घरं अपुरी पडत होती, दुष्काळी आटपाडीकडची माणसंही पोटासाठी इकडं येत होती. मळेवाले उसाची रानं मोडून प्लॉट पाडत होते. आप्पांचा जीव तुटायचा. "गाव म्हंजी काय ऊस हाय, फुटवं फुटाया?" हे त्यांचं पालुपद. नगरपालिकेचे ते सभासद. भांडभांडून त्यांनी ठराव करून घेतला, की नाक्याबाहेर घर बांधणाऱ्याला नळ नाही आणि दिवाही नाही. मळे गेल्यावर प्लॉट शिजवून खाणार का, असं ते विचारत. खरं सांगायचं तर मला ते पटायचं.

आणि मग त्यांच्याच सदाशिवानं, पलटणीतून आल्यावर, नाक्याबाहेर घर बांधलं. त्याचंही चुकलं नव्हतं. आप्पांच्या एवढ्याशा घरात दोघे भाऊ, त्यांच्या बायका आणि पोरं मावणार कुठं? पण बापलेकांचं बोलणं बंद झालं.

वस्तीतल्या विहिरीचं पाणी मचूळ. एके सकाळी पाहतो तो आप्पा चौकातल्या नळावर कावड भरताहेत. डोक्याला पांढराशुभ्र फेटा, खांद्यावर कावड. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "ठराव नळाचा हाय, मास्तर. खांद्याचा न्हाई."

तेव्हापासून रोज सकाळी ते परगावी पाणी पोचवू लागले. लेकाशी चकार शब्द नाही. सुनेच्या हातचा चहा घ्यायचा, नातीला थोडा वेळ मांडीवर घ्यायचं आणि परतायचं.

पुढं नगरपालिकेत नवी मंडळी आली. त्यांनी जुना ठराव रद्द करून वस्तीपर्यंत नळ न्यायचं ठरवलं. विरोधात हात एकट्या आप्पांचा. मला रागच आला. पोराबाळांच्या तोंडचं पाणी अडवू नका, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आप्पांनी फेट्याचा शेमला चाळवला.

"नळ आला, की मी तिकडं कशापायी जायाचं?"

माझा राग तिथंच विरला.

नळ आला. त्या दिवशी आप्पा ओट्यावर नुसतेच बसून होते. रिकामी कावड भिंतीला टेकवलेली. मी शेजारी जाऊन बसलो.

ऊन चढल्यावर त्यांची सून सगुणा लेकीला कडेवर घेऊन आली. डोक्यावरचा पदर सावरत, खाली बघत म्हणाली, "मामंजी, ह्यांनी सांगून धाडलंय. त्या नळाच्या पान्यानं डाळ शिजत न्हाई. तुमी आनताय त्येच पानी पायजे."

दोन्ही पाणी एकाच टाकीचं. हे तिला ठाऊक होतं, सदाशिवाला ठाऊक होतं, मला होतं, आणि पाण्यावरून एवढे भांडलेल्या आप्पांना तर होतंच होतं.

"शिजायची न्हाईच," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी कावड उचलली.