डॉक्टर टिपणीसांचे दगड

आमच्या शेजारचे डॉक्टर टिपणीस चहाला बोलावतात आणि दगड दाखवतात. चहा राहूनच जातो. लेस्टरच्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांचे गुडघे बदलून हा माणूस रिटायर झाला आणि स्वतःचे गुडघे त्याने आल्प्सच्या कपारीत घासून संपवले. लोक स्वित्झर्लंडहून चॉकलेट आणतात. हे मोज्यात गुंडाळून स्फटिक आणतात.

"स्मोकी क्वार्ट्झ. डोंगराच्या फटीत गरम पाणी शिरलं, त्यातून लाखो वर्षं हे वाढत गेलं. हात नका लावू."

हात कोण लावतोय? मला चहा हवा असतो.

प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी: कुठली फट, किती उंची, वर काय चिकटलंय. "चिठ्ठी खोटी तर दगडाची खडी," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एकदा मी एका स्फटिकाला नुसतं "छान हिरवा" म्हणालो. "हिरवा नाही हो, वर क्लोराइट बसलंय," म्हणून अर्धा तास ऐकवलं. त्यांच्या पत्नी, कुसुमवहिनी, गेल्या तेव्हा भेटायला आलेल्यांनाही या गृहस्थाने कपाट दाखवलं. मला तर संतापच आला होता.

आता घर विकून ते लंडनजवळ इल्फर्डला मुलीकडे निघालेत. तिथे एका खोलीत हे मावणार नाही, म्हणून सगळं म्युझियमला द्यायचं. "एकही दगड वेगळा व्हायला नको," एवढाच त्यांचा धोशा. म्युझियमची बाई तपासायला आली त्या दिवशी खोकी उचलायला अर्थातच मी.

बाई "लव्हली, लव्हली" करत शेवटच्या स्फटिकाशी थबकली. टोकाजवळ लाल ठिपका होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: हेमॅटाइट, लोखंडाचं लाल खनिज. तिने भिंग लावलं.

"डॉक्टर, हे खनिज नाही. कसली तरी पावडर आहे. आम्ही धुऊन घेऊ."

मी बघितलं. कुंकू होतं. घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूला वहिनी कुंकू लावायच्या. गाडीला, फ्रिजला, या दगडांनासुद्धा. हा त्या असताना आलेला शेवटचा.

डॉक्टरांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. "यू आर राइट. चिठ्ठी खोटी आहे," म्हणाले आणि चिठ्ठी फाडली. "बाकीचे न्या. हा मी देत नाही."

बाई गेल्यावर ते रिकाम्या कपाटासमोर उभे होते.

"बाकी सगळे टूथब्रशने घासून धुतले हो मी," ते म्हणाले. "दर वेळी, तिच्यासमोरच."